साखर कारखान्यातली माहिती प्रणाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात माहिती प्रणालीची उदाहरणं बहुतेक अमेरिकेतल्या विमान कंपन्यांची, नाहीतर सुपरमार्केटची असतात. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात साखर कारखाना हे त्याहून चांगलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. हजारो पुरवठादार, तोडल्यापासून खराब होत जाणारा कच्चा माल, चार-पाच महिन्यांचा हंगाम, आणि टप्प्याटप्प्यावर असा एकेक आकडा की ज्यावरून भांडण होऊ शकतं. कारखान्यात प्रोजेक्टसाठी येणारे विद्यार्थी, नव्याने निवडून आलेले संचालक आणि ऊस उत्पादक नेहमी जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत.

माहिती प्रणाली म्हणजे सॉफ्टवेअरच ना?

नाही. बांधावर जाऊन नोंद घेणारा चिटबॉय, गट ऑफिस (काही गावं मिळून असलेलं कारखान्याचं कार्यालय), वजनकाटा, प्रयोगशाळा, अकाउंट्स, आणि ‘कोणता आकडा कुणाला बदलता येतो’ याचे नियम, हे सगळं मिळून प्रणाली होते. पूर्वी हेच काम मोठ्या वह्यांवर चालायचं, तीही माहिती प्रणालीच होती. फक्त त्या वहीतून ‘येत्या आठवड्यात कोणत्या गावात किती ऊस तोडणीला येतोय’ हे काढायला दोन कारकून बसवावे लागत आणि उत्तर हातात पडेपर्यंत आठवडा सरलेला असे.

उसाच्या नोंदीपासून बिलापर्यंत नेमकं काय काय घडतं?

लागण झाली की शेतकी विभागाचा माणूस प्लॉटवर जातो. सभासद क्रमांक, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, वाण (को ८६०३२, फुले २६५ वगैरे) आणि प्रकार, म्हणजे लागणीच्या हंगामानुसार आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, की खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस), हे सगळं तो भरतो. आता बहुतेक ठिकाणी मोबाईलवर प्लॉटच्या कडेने फिरून जीपीएसने क्षेत्र मोजतात. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महाऊस नोंदणी’ ॲप आणलं. त्यातून शेतकऱ्याला स्वतःच नोंद करता येते.

हंगाम जवळ आला की या नोंदींतून तोडणी कार्यक्रम निघतो. ऊसतोड मजुरांची टोळी ठरते, वाहन ठरतं, तोडचिठ्ठी निघते. भरलेली गाडी यार्डात आली की टोकन मिळतं. भरलेलं वजन घेतलं जातं, गव्हाणीत (जिथून ऊस गाळपाला जातो तिथे) ऊस उतरतो आणि परत जाताना रिकामं वजन होतं. दोन्हींमधला फरक शेतकऱ्याच्या नावावर पडतो. त्याच एका नोंदीतून चार खाती हलतात: शेतकऱ्याचं ऊसबिल, टोळीची तोडणी, वाहतूकदाराचं भाडं आणि मुकादमाने (टोळीच्या प्रमुखाने) आगाऊ घेतलेल्या उचलीतली वजावट.

दिवसाला पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात, खेपेला सरासरी १५ टन धरले तरी रोज तीनशेच्या वर खेपा होतात. हाताने वही लिहून त्या चारही खात्यांत टाकायच्या म्हटल्या तर चुका होणारच. शिवाय ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागू होतं. त्या १४ दिवसांची मोजणी काट्याच्या पावतीपासून सुरू होत असल्यामुळे पावती वेळेवर आणि अचूक असणं ही कायद्याचीही गरज आहे.

काट्याचा आकडा संगणकात आला की तो खरा मानायचा का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला काटामारी, म्हणजे वजनात होणारी फसवणूक, माहीत असते, त्यामुळे गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. एक गोष्ट बघा: काट्याचा आकडा थेट सॉफ्टवेअरमध्ये जातो की ऑपरेटर डिस्प्लेवर बघून टाइप करतो? टाइप करत असेल तर संगणक आहे, प्रणाली नाही. थेट जात असेल तर पुढचं विचारा: नोंद झाल्यावर आकडा दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि दुरुस्ती केल्यावर जुना आकडा, वेळ आणि करणाऱ्याचं नाव मागे राहतं का? काटाच मुळात चुकीचा लावला असेल तर मात्र सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. तिथे वैधमापन खात्याची तपासणी आणि भरारी पथकच लागतं.

कंपनी म्हणून नोंदलेल्या खासगी कारखान्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदलांचा माग ठेवणं बंधनकारक आहे आणि तो बंद करता येत नाही. सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत, पण शेतकऱ्याचा विश्वास हवा असेल तर त्यांनी तो ठेवायला कोणाची ना नाही.

प्रणालीमुळे कोणते निर्णय सुधारतात?

सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे आज कुणाचा ऊस तोडायचा. बाकी सगळं याच्यामागून येतं.

उसात साखर भरण्याला वेळ लागतो आणि पक्व झाल्यावर तो फार काळ थांबत नाही. आडसाली सोळा-अठरा महिन्यांची, सुरू बाराच्या आसपास, खोडवा त्याहून थोडा लवकर. वाणानुसार त्यात पुन्हा फरक. लवकर तोडला तर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) कमी, उशीर झाला तर तुरा येतो, ऊस पोकळ व्हायला लागतो आणि वजन घटतं. तोडल्यावर २४ तासांच्या आत गाळप व्हावं असं सांगतात, कारण वजन आणि साखर दोन्ही उतरत जातात. म्हणजे निर्णयात एकाच वेळी पाच गोष्टी आल्या: पक्वता, अंतर, टोळी कुठे आहे, वाहनं किती आहेत, आणि गव्हाण रिकामी राहणार नाही ना.

माणसाच्या डोक्यात हे बसत नाही असं नाही. मुरलेला शेती अधिकारी आपल्या गटापुरतं अंदाजाने बरोबर सांगतो. पण पंधरा-वीस गट, हजारो प्लॉट आणि रोज बदलणारी टोळ्यांची हजेरी एकत्र मांडायला नोंद लागते. लागणीची तारीख आणि वाण खरे असतील तर संगणक पक्वतेनुसार यादी लावून देतो. प्लॉटमधून घेतलेल्या ब्रिक्सच्या (रसाच्या गोडीच्या) वाचनाने ती आणखी सुधारता येते.

पैशांत सांगायचं तर २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) क्विंटलला ३४० रुपये होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जादा. म्हणजे उतारा ०.१ टक्क्याने वाढला तर टनाला ३३ रुपये २० पैसे. कारखान्याने हंगामात आठ लाख टन गाळप केलं असेल तर तेवढ्याच उसातून ८०० टन साखर जास्त. हा फायदा यंत्र न बदलता, निव्वळ तोडणीचा क्रम नीट लावून मिळू शकतो. (उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तो इथे घेत नाही.)

यादी संगणकाने लावली तरी वशिल्याचा ऊस आधी जातोच. मग उपयोग काय?

यादी कुणी लावली यापेक्षा ती कुणी मोडली हे दिसतं का, ते बघायचं. वहीच्या काळात क्रम बदलला तर तो फक्त शेजाऱ्याला कळायचा. प्रणालीत प्रत्येक क्रमभंगाला कारण टाकणं सक्तीचं करता येतं: जळीत, पाणी साचलं, रस्ता बंद, किंवा ‘वरून सांगितलं’. आठवड्याच्या शेवटी गटवार क्रमभंगांचा अहवाल संचालक मंडळासमोर गेला की फोन आपोआप कमी होतात. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी नव्या प्रणालीला खरा विरोध तांत्रिक नसतो. कुणाच्या तरी हातातली मर्जी जात असते.

क्रम लावणाऱ्याच्या हातात किती ताकद असते याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ ही आरक्षण प्रणाली. आयबीएमबरोबर ती १९६० च्या दशकात उभी राहिली आणि १९७६ पासून ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर तिचे टर्मिनल बसू लागले. एजंट सहसा पहिल्या पडद्यावरचीच फ्लाइट बुक करत, आणि पहिल्या पडद्यावर कोणाची फ्लाइट दाखवायची हे अमेरिकनच्या हातात होतं. इतर कंपन्यांनी तक्रारी केल्या, १९८४ मध्ये तिथल्या सरकारी नियमांनी हा पक्षपात बंद केला. तोवर अमेरिकनला त्याचा भरपूर फायदा झाला होता. एजंटाला यादी सरळ वाटायची, तिच्यामागचा नियम त्याला दिसत नव्हता. आपल्या तोडणी कार्यक्रमाचा नियम शेतकऱ्याला गट ऑफिसच्या भिंतीवर वाचता येतो का?

शेजारच्या कारखान्याशी स्पर्धेत याचा काय संबंध?

साखर सगळ्यांची सारखीच, दरही बाजार ठरवतो. खरी स्पर्धा उसासाठी असते. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये हवाई अंतर २५ किलोमीटर हवं असा नियम आहे, तरीही बऱ्याच भागांत एकाच गावात तीन-तीन कारखान्यांच्या टोळ्या दिसतात. सीमाभागातला ऊस कर्नाटकात जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याबाहेर ऊस नेण्यावर बंदीची अधिसूचना निघाली आणि शेतकरी संघटनांनी विरोध केल्यावर ती मागेही घेतली गेली. म्हणजे ऊस अडवून ठेवता येत नाही, तो मिळवावा लागतो.

शेतकरी कारखाना बदलतो तो दरासाठी, हे खरं. पण दरात फार फरक नसला की तोड वेळेवर येते का, पैसे कधी जमा होतात आणि काट्यावर विश्वास आहे का, या तीन गोष्टींवर निर्णय होतो. तिन्ही प्रणालीतून येतात. गाडी रिकामी होताच मोबाईलवर वजनाचा मेसेज, तोड कोणत्या पंधरवड्यात येणार याची आगाऊ कल्पना, बिल जमा झाल्याची तारीख. एवढं नीट चालवणाऱ्या कारखान्याला गेटकेनच्या (नोंद नसलेल्या, बाहेरून आणलेल्या उसाच्या) मागे कमी पळावं लागतं.

आतल्या बाजूलाही एक साधा अहवाल सोन्यासारखा असतो: नोंद आहे पण गाळपाला आला नाही असा ऊस, गाववार. एखाद्या गावातला तीस टक्के नोंदलेला ऊस दुसरीकडे गेला असेल तर तिथे काहीतरी बिनसलं आहे. टोळीने खुशालीच्या नावाखाली पैसे मागितले असतील, रस्ता खराब असेल, मागच्या वर्षीचं बिल थकलं असेल. हे हंगाम संपल्यावर वार्षिक सभेत कळण्यापेक्षा डिसेंबरमध्ये कळलेलं बरं.

परीक्षेत टीपीएस, एमआयएस, डीएसएस, ईएसएस असतं. कारखान्यात ते कुठे दिसतं?

काटा, टोकन आणि बिल हे टीपीएस, म्हणजे व्यवहार नोंदवणारी प्रणाली. गटवार रोजचं गाळप, उतारा, बंद पडलेले तास यांचा सकाळचा रिपोर्ट हे एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनाला माहिती देणारी प्रणाली. ‘तीस टोळ्या कमी आल्या तर हंगाम किती दिवस लांबेल’ असं आकडे बदलून बघता येणं हे डीएसएस, म्हणजे निर्णयाला मदत करणारी प्रणाली. अध्यक्ष आणि कार्यकारी संचालकांच्या फोनवरचा चार आकड्यांचा पडदा म्हणजे ईएसएस, वरिष्ठांसाठीची प्रणाली. प्रत्यक्षात या चार वेगळ्या पेट्या नसतात, एकाच डेटाबेसमधून सगळं निघतं. उत्तरपत्रिकेत मात्र चौकटी काढा, गुण त्याला आहेत.

एक्सेलवर भागत नाही का?

लहान गुऱ्हाळाला भागतं. कारखान्यात एक्सेल अहवाल बघायला ठीक, मूळ नोंद ठेवायला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोविडच्या चाचण्यांची माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात भरली. त्यात ६५,५३६ ओळींपुढे काही मावत नाही. जवळपास १६ हजार बाधितांच्या नोंदी गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. एक्सेलने चूक दाखवलीही नाही. कारखान्यात याहून साधं होतं: दोन गट ऑफिसांत एकाच फाइलच्या दोन प्रती फिरत असतात आणि बरोबर कोणती यावर सकाळ जाते.

नवीन प्रणाली कधी सुरू करावी?

पावसाळ्यात. ऑक्टोबरमध्ये कधीच नाही.

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून नवी प्रणाली घेतली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं आणि जुलै १९९९ मध्ये, म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी यायला लागतात नेमक्या तेव्हा, सगळं एकदम चालू केलं. गोदामात माल होता, पण तो प्रणालीला दिसत नव्हता. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत.

आपल्याकडे बॉयलर पेटल्यावर आणि पहिली मोळी टाकल्यावर थांबायला जागाच नसते. मे-जूनमध्ये नोंदीचा भाग सुरू करा. मागच्या हंगामाच्या पावत्या घालून बिलं काढून बघा आणि जुन्या बिलांशी पैशापैशाने ताळा लावा. काटा आणि बिल हे भाग आधी, अध्यक्षांचा रंगीत डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी. विक्रेता उलट क्रमाने दाखवतो, कारण सह्या डॅशबोर्ड बघूनच होतात.

नोंदच खोटी असेल तर?

तर पुढचं सगळं खोटं. एक एकराच्या नोंदीवर १२० टन ऊस आला तर बहुतेक वेळा दुसऱ्याचा ऊस त्या नावावर घुसलेला असतो. नोंदीतलं क्षेत्र आणि आलेलं टनेज यांचा ताळा प्रणालीने आपोआप लावून अशा खेपा बाजूला काढाव्यात. मात्र एकरी शंभर टनांच्या वर काढणारे जिद्दी शेतकरीही आहेत, त्यामुळे इशारा आला की माणसाने प्लॉटवर जाऊन बघायचं, खेप परस्पर अडवायची नाही.

चिटबॉयने घरी बसून नोंदी भरल्यात का हे जीपीएसच्या खुणेवरून कळतं. पण त्याच्यावर किती गावं टाकली आहेत हेही विचारात घ्या. दोन माणसांचं काम एकावर टाकल्यावर अंदाजाने भरलेल्या तारखाच मिळणार.

दुधासारखा प्रत्येकाला त्याच्या प्रतीनुसार दर का नाही?

फार चांगला प्रश्न, आणि सहसा चर्चेतच येत नाही. दूध संकलन केंद्रावर प्रत्येकाचं फॅट मोजलं जातं, पावतीवर येतं, दर त्यावर ठरतो. म्हणून उत्पादक जनावराच्या खाण्याकडे लक्ष देतो. उसात आपल्याकडे फक्त वजन प्रत्येकाचं, उतारा मात्र संपूर्ण कारखान्याचा मिळून. चांगल्या वाणाचा, पक्व, स्वच्छ ऊस आणणाऱ्याला आणि पाण्याने फुगवलेला, पाचटासकट आणणाऱ्याला टनाला भाव एकच.

ऑस्ट्रेलियात खेपेगणिक उसातली साखर मोजतात (तिथे त्याला सीसीएस म्हणतात) आणि मोबदला त्याच्याशी जोडलेला असतो. आपल्याकडे जमीनधारणा लहान, एका दिवसात शेकडो शेतकऱ्यांच्या खेपा, प्रत्येक खेपेचा नमुना घेऊन तपासणं खर्चाचं. शिवाय पक्वतेआधीच तोड आली तर तोटा शेतकऱ्याला, पण तोडीचा दिवस ठरवणार कारखाना. हे न सोडवता नमुन्यावर दर लावला तर अन्याय होईल. माझं मत असं की दर बदलण्याआधी दोन-तीन हंगाम नमुने घेऊन निकाल नुसते शेतकऱ्याला कळवावेत. त्यानेच बरंच काही हलेल.

सॅटेलाइट आणि एआय यांचं काय?

क्षेत्राच्या अंदाजासाठी उपग्रह प्रतिमा साखर उद्योगात आधीपासून वापरात आहेत. देशभरातला अंदाज बांधताना ‘इस्मा’ ही कारखान्यांची संघटना त्या वापरते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टबरोबर उसात एआय वापरण्याचा प्रकल्प चालवला आहे: हवामान, जमिनीतली आर्द्रता आणि प्रतिमा यांवरून पाणी-खताचे सल्ले. काम लक्ष ठेवण्यासारखं आहे. पण ज्या कारखान्याकडे लागणीच्या खऱ्या तारखाच नाहीत, त्याने आधी तारखा गोळा कराव्यात.

संचालक मंडळाचे मोठे निर्णयही यावरून घेता येतात का?

काही प्रमाणात. इथेनॉलचं घ्या. रस किंवा सिरपपासून इथेनॉल करायचं, बी हेवी मळी (मधल्या टप्प्यावर काढलेली, बरीच साखर शिल्लक असलेली) वापरायची, की साखरच जास्त काढायची, हे गणित प्रणाली रोज मांडून देऊ शकते. पण ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रस आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली आणि आठवडाभरात साखरेच्या मर्यादेसह ती शिथिल केली. हंगाम ऐन भरात होता. असं काही कोणत्याही अहवालात आधी दिसत नाही. प्रणाली चांगली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवे आकडे टेबलावर असतात: किती साखर वाढेल, गोदामाला जागा किती, कर्जाचा हप्ता कसा निघेल. निर्णय मंडळालाच घ्यायचा असतो.

शेतकऱ्यांची माहिती किती सुरक्षित असते?

कारखान्याकडे सातबारा, आधार, बँक खातं, फोन नंबर असं सगळं असतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं, तसे निर्देश २०२२ पासून आहेत. व्यवहारात दोन गोष्टी तपासा: बॅकअप त्याच खोलीतल्या दुसऱ्या कपाटात तर नाही ना, आणि तो परत चालू करून शेवटचं कधी बघितलं होतं. पासवर्ड काटाघराच्या काचेवर चिकटवलेला असेल तर पुढचं विचारायची गरज नाही.

शेतकऱ्याने आपल्या बाजूने काय तपासावं?

नोंद झाल्यावर पावती घ्या आणि त्यावरची लागणीची तारीख, वाण, क्षेत्र वाचून बघा. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते, डिसेंबरात होत नाही. खोडव्याची नोंद वेगळी करावी लागते, लागणीच्या नोंदीवर ती आपोआप पुढे येईलच असं नाही. प्रत्येक खेपेची काटा पावती जपा, त्यावर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं आणि दोन्ही वेळा असाव्यात. बिल आलं की पावत्यांची बेरीज त्याच्याशी लावा आणि जमा झालेली तारीख पावतीच्या तारखेपासून मोजा. तफावत असेल तर गट ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे जाता येतं. त्यांच्याकडे जाताना त्याच पावत्या लागतात.